शिडाची सावली

“नाव हाय का कूलरचं दुकान?” धरणाच्या काठावर जाळं सोडवत बसलेल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला.

दुसऱ्याने मानही वर केली नाही. “दुकान बरं. त्याले संध्याकाळी शटर तरी लावता येते.”

मामांच्या कानावर ते गेलं. गुडघाभर पाण्यात, छातीशी कूलर धरून उभ्या असलेल्या मामांनी त्या दोघांकडे पाहून मान झुकवली. नावेबद्दल कोणी काहीही बोललं तरी ते कौतुकच आहे, अशी त्यांची समजूत होती. त्या दिवशी मला पाहायला पाहुणे येणार होते, तेही नावेवर. उन्हाळा होता म्हणून कूलर. छोटा फ्रिज, मिक्सर आणि इंडक्शनची शेगडी आधीच चढली होती. जागा उरली तर माणसंही चढणार होती.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कळंबला त्यांचं पंखे, कूलर आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही सहलीच्या बसमधून. पन्नाशी उलटल्यावर नागपूरच्या एका तलावावर कोणीतरी मोडीत काढलेली शिडाची नाव त्यांनी विकत घेतली आणि कापसाच्या ट्रकवर आडवी घालून बेंबळा धरणावर आणली. तेव्हापासून सारं कळंब त्यांना कॅप्टन म्हणू लागलं. म्हणणारे हसत म्हणायचे. मामा गंभीरपणे ओ द्यायचे.

नावेविषयी त्यांचं एकच तत्त्व होतं. “घरी जे जे चालते, ते ते नावेवर चाललंच पाह्यजे. पान्यावर गेला म्हनून मानूस काय भिकारी झाला?” या तत्त्वासाठी त्यांनी बॅटरीचे तीन डबे घेतले होते. वर मूठ, पुढे घरातल्यासारखी सॉकेटं, कोपऱ्यात किती चार्ज उरला ते दाखवणारा आकडा. सर्वांत मोठ्या डब्याचं नाव थोरली, मग मधली, मग धाकटी. थोरली गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसायची. मामी मागे, मांडीवर डबे-पातेली घेऊन.

मामींचं आणि या तिघींचं कधीच जमलं नाही. उन्हाळ्यात कळंबला भर दुपारी लाइट जायची. मामी पदराने वारा घेत म्हणायच्या, “काहो, एक डब्बा द्या न पंख्याले.”

“ते नावेचे हायेत,” मामा म्हणायचे. “तिकडं ऐनवेळी कमी पडले तं?”

“माह्या घरात अंधार, अन् धरनात फ्रिज चालू,” असं मामी शेजारणीला सांगायच्या, मामांना ऐकू जाईल अशा बेताने. मामा ऐकायचे आणि तिघींची सॉकेटं फडक्याने पुसत बसायचे.

आता या नावेला शीडही होतं. ते मी दोनदाच वर गेलेलं पाहिलं. पहिल्यांदा नाव आली तेव्हा. ट्रकबरोबर आलेल्या माणसाने ते उभारून दाखवलं, दोर कुठून ओढायचा, कुठे बांधायचा तेही सांगितलं. मामा त्या वेळी फ्रिज कुठे बसेल याचं माप घेत होते, म्हणून ते सगळं मी एकटीने पाहिलं. त्यानंतर मामांनी नावेच्या मागच्या छपरावर सोलर पॅनेल लावली आणि शिडाचा विषय संपला. “शीड उभं केलं का पॅनेलवर सावली पडते,” ते समजावून सांगायचे. “सावली पडली का डब्बे भरत नाहीत.” मग नाव चालायची कशावर? मागे लावलेल्या मोटारीवर. मोटार चालायची मधलीवर. वारा फुकट वाहून जायचा, आणि आम्ही त्याच्या उलट दिशेला, बॅटरी जाळत.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून डब्यांची माहितीपुस्तकं वाचायचं काम माझ्याकडे आलं. “वाच, माय,” असं म्हणून मामा डोळे मिटून ऐकायचे. पहिल्याच पानावर पाण्यापासून दूर ठेवावे असं लिहिलं होतं. मामा डोळे न उघडता म्हणाले, “ते त्यायले लिहावंच लागते.” पुढे मी सांगितलं की थोरली शेगडी चालवेल, पण थोडाच वेळ, आणि शेगडीसोबत दुसरं काही लावलं तर बंद पडेल. मामांनी मामींना हाक मारली. “ऐकलं का? तिचं म्हननं असं हाय का थोरलीवर सैपाक होते.”

तिचं म्हननं असं हाय का. हे वाक्य मी समजायला लागल्यापासून ऐकत आले. लहानपणी सुट्टीत कळंबला गेले की दुकानात, देवळात, लग्नात कोणी काही विचारलं की मी मामांच्या मागे लपायचे. मामा लगेच पुढे व्हायचे. “तिचं म्हननं असं हाय का, लाल नको, हिरव्या बांगड्या द्या.” मला लालच हव्या असायच्या. पण बोलण्यातून सुटका व्हायची, म्हणून मी हिरव्या घालायचे. त्या काळी मामांइतकं प्रेमळ माणूस मला माहीत नव्हतं. कोणीतरी आपल्या जागी बोलतंय, यासारखं सुख लाजऱ्या माणसाला दुसरं नसतं. अडचण एवढीच, की मी मोठी झाले तसे बांगड्यांचे प्रश्न संपले आणि मोठे प्रश्न सुरू झाले. मामांचं वाक्य तेच राहिलं.

मामा आता नाहीत. ते गेले तेव्हा ते जाळेवाले दोघेही आले होते आणि अंगणात सगळ्यांच्या मागे उभे होते. नाव काठावर पालथी पडून आहे. थोरली मामींकडे असते. लाइट गेली की मामी तिच्यावर पंखा लावतात आणि मामांच्या फोटोकडे पाहून म्हणतात, “आता म्हना, नावेची हाय.” धाकटी माझ्याकडे आहे. तिच्या मुठीला मामांनी गुंडाळलेली काळी टेप मी अजून काढलेली नाही.

तर पाहुणे. ते पांढरकवड्याचे होते. मुलाच्या वडिलांनी नाव पाहिली, कूलर पाहिला, आणि “मी इथंच बरा” म्हणून बाभळीखाली लावलेल्या गाडीत जाऊन बसले. मुलगा आणि त्याची आई चढले. मुलगा हैदराबादला नोकरीला होता. वाईट नव्हता. त्याने पूर्ण वेळ पाण्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. माझी हरकत त्याला नव्हती. नागपूरला एका लॅबमध्ये मला नुकतीच नोकरी लागली होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, जे दिसेल ते नीट पाहायचं, आणि कोणाशी गप्पा मारायची गरज नाही. जगात माझ्यासाठी असं काम आहे हे मला उशिरा कळलं होतं. ते सोडायचं नाही, एवढंच मला त्या दिवशी म्हणायचं होतं. घरून निघाल्यापासून मी ते वाक्य मनात घोकत होते.

मोटार सुरू झाली. धरणाच्या मध्यावर पोचेपर्यंत मामींनी शेगडीवर पोह्यांसाठी तेल ठेवलं होतं. कूलर असा घोंघावत होता की मुलाच्या आईला ओरडून बोलावं लागलं. “पोरगी नोकरी करते म्हनता. हैदराबादले आल्यावर कायले पाह्यजे नोकरी?”

मी तोंड उघडलं. माझा आवाज कूलरच्या वाऱ्याने मागच्या मागे उडाला.

“तिचं म्हननं असं हाय का,” मामा म्हणाले, “नोकरीची तिले हौस नाही. बसल्या बसल्या लावून घेतली.”

मुलाच्या आईने समाधानाने मान हलवली. मामींनी माझ्याकडे पाहिलं आणि तेलात मोहरी टाकली. माझं नागपूर असं कूलरच्या वाऱ्यात निघून चाललं होतं, आणि मामा खुशीत पाहुण्यांना फ्रिजमधलं सरबत देत होते.

मोहरी तडतडली, मामींनी कांदा टाकला, आणि थोरली टीं-टीं करून बंद पडली. शेगडी, फ्रिज, कूलर, सगळं एकदम. “काही नाही जी, लोड वाटून देतो,” असं म्हणत मामांनी कूलरची वायर मधलीला लावली. मधली आधीच मोटार ओढून दमली होती. तिनेही डोळे मिटले. धाकटीवर मुलाचा मोबाइल होता. नाव थांबली आणि हळूहळू स्वतःभोवती फिरू लागली.

“कांदा कच्चा हाय,” मामी हलक्या आवाजात म्हणाल्या. “तुमच्या डोक्यावर परतू का?”

“थोडंसंक थांब. पॅनेल भरून राह्यले.”

त्या हिशेबाने आम्हाला उद्या सकाळी पोहे मिळाले असते. काठावरच्या दोघांनी जाळं बाजूला ठेवलं होतं आणि हात कपाळावर धरून ते आमच्याकडे पाहत होते. पश्चिमेचा वारा काठाकडे वाहत होता, सरळ बाभळीच्या दिशेने. गुंडाळलेल्या शिडावर पाहुण्यांच्या चपला नीट मांडून ठेवल्या होत्या.

मुलाच्या आईने नावेची कड घट्ट धरली होती. तिने मामांकडे पाहिलं, मग पोह्यांकडे, मग माझ्याकडे. “बाई, तू तं शिकलेली हायेस. आता तुह्यं काय म्हननं हाय?”

“तिचं म्हननं असं हाय का...” मामा म्हणाले आणि थांबले.

कूलर बंद होता. फ्रिज बंद होता. धरणावर इतकी शांतता होती की नावेच्या पोटाला लागणारं पाणी ऐकू येत होतं. मामा माझ्याकडे वळले. पुढचं वाक्य त्यांना सापडत नव्हतं, आणि ते माझ्याकडे काही मागावं तसे पाहत होते, हिरव्या बांगड्या घेऊन देणाऱ्या त्याच डोळ्यांनी. मी उठले. नाव डुलली. मी वाकून शिडावरच्या चपला एकेक करून खाली ठेवल्या.

“मामा, माझं म्हणणं असं आहे,” मी म्हणाले, “की शीड वर करा. आणि नोकरी मी सोडणार नाही.”