एवढंसं

काकांनी बसवलेल्या दारात पोस्टकार्डसुद्धा शिरत नसे. गिऱ्हाइकाला ते घालून दाखवता यावं म्हणून पठ्ठ्या खिशात एक कार्ड ठेवूनच फिरायचा. दुसऱ्या सुतारानं ठेवलेली फट दिसली की काकांनी नाक मुरडलंच. "वाऱ्याला खिडकी असते की," म्हणायचे. कामाला वाघ, पण हट्टी असे की बोलायची सोय नाही.

घरातल्या न्हाणीघराचं दार त्यांचं फार लाडकं. उन्हाळ्यात बसवलं तेव्हा कुठे केसभर फट नव्हती. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि दार चौकटीत घट्ट अडकायला लागलं. काकू खांदा लावून आत जायची आणि बाहेर येताना कुणालातरी हाक मारायची.

"अहो, एवढंसं तासा ना," ती चिमटीत माप धरून म्हणायची.

"आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल. वाळलं की आपोआप बसेल."

"आणि तोवर मी काय करू?"

"जोर लावायचा जरा."

एका सकाळी आतून धप्पकन आवाज आला, पाठोपाठ काकूचं कण्हणं. मी धडका मारल्या, दार हलेना. "काका, फोडा ते!" असं ओरडत मी कुऱ्हाड आणायला परसात धावलो. ती शोधून परत आलो तर दार उघडं होतं. काकांनी पटाशी कडेकडेनं सरकवून, हलक्या हातानं ते सोडवलं होतं. रंगावर ओरखडासुद्धा नव्हता. काकूचं कण्हणं थांबलं होतं.

लवकर उघडलं असतं तर वाचली असती का, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येत होतं. पुढे कितीतरी दिवस मी काकांशी बोललो नाही. त्यांचं तोंड बघवत नव्हतं मला.

उन्हाळा आला. दार वाळलं आणि काका म्हणाले होते तसं अगदी बरोबर बसलं, बोटाच्या धक्क्यानं उघडायला लागलं. त्याच आठवड्यात एका दुपारी रंध्याचा आवाज ऐकून मी बाहेर आलो. काकांनी दार उतरवून ओट्यावर आडवं घातलं होतं आणि कड तासत बसले होते. पायाशी छिलक्यांचा ढीग पडला होता.

"काका, पुरे आता. हात जाईल फटीतून."

त्यांनी रंधा थांबवला. चिमटीत माप धरून माझ्यासमोर केलं, काकू धरायची तसंच.

"एवढंसंच म्हणत होती रे," ते म्हणाले आणि पुन्हा तासायला लागले.