कोल्हापूरहून आलेली हाक

मंडळी, डोकं सणकलंय म्हणून लिहितोय.

आज सकाळी खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांना आणि त्यांच्या पालकांना माझा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा दूरवर बोलायचा बिनतारी संच, दाखवत होतो. सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही, पाण्याच्या टाकीला बांधलेली एक तार हीच अँटेना. लायसन्स आहे, चेअरमनना विचारलंही होतं.

बराच वेळ नुसती खरखर. मुलं कंटाळली. मग अचानक कोल्हापूरच्या एका आजोबांनी उत्तर दिलं. सातवीतली सई शेजारी बसलीय असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "नमस्कार सई! आवाज येतोय का बाळा?" पोरगी आनंदाने उडालीच.

आम्ही उत्तर देणार, एवढ्यात सेक्रेटरी वर आले. "मुलांना रेडिएशन होईल," म्हणत त्यांनी सरळ तार उपटली. कुठे उभं राहून? गच्चीवरच्याच मोबाइल टॉवरखाली! त्याचं भाडं सोसायटीला मिळतं ना, मग त्यातून रेडिएशन कसं येईल?

पालकांनी मुकाट्याने मुलं खाली नेली.

जिन्यात सईने विचारलं, "काका, ते आजोबा अजून मला हाका मारत असतील का हो?"

तुम्ही काय सांगितलं असतं?