डब्याला सांगायचं नाव

त्या डब्याला मी जेवढ्या शिव्या घातल्यात तेवढ्या उभ्या आयुष्यात कुणाला घातल्या नसतील. डबा म्हणजे तो बोलणारा स्पीकर. त्याला नावाने हाक मारायची, मग तो किती वाजले सांगतो, भजन लावतो, फोन लावतो म्हणे. त्याच्यापुढे बसून मी चार महिने घसा फोडलाय. आता तो माझ्या दादरच्या घरात टीव्हीशेजारी पडून आहे, वायर काढून ठेवलेली. बायको दोनदा म्हणाली, भंगारात देऊन टाक. मी हो म्हणतो आणि देत नाही.

घेतला होता आईसाठी. आई ब्याऐंशीची, लालबागला सतराव्या मजल्यावर एकटी राहायची. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि त्या घरासाठी तिने अकरा वर्षं संक्रमण शिबिरातल्या पत्र्याच्या खोलीत काढली. वडील तिथेच गेले, त्यांना हे घर बघायला मिळालं नाही. किल्ली हातात आली तेव्हा आई आधी उंबऱ्यात बसून पोटभर रडली, मग आत गेली. पुढे दोन वर्षांत काचबिंदूने तिचे डोळे नेले. उजेड आणि काळोख एवढंच कळायचं. मोबाइल हातात दिला तर नुसता कुरवाळत बसायची.

चाळीत असती तर मी निर्धास्त होतो. तिथे आईने "अगो" म्हटलं की तीन दारांतून तीन बायका यायच्या. टॉवरमध्ये सगळ्यांची दारं बंद. सकाळी आठ ते दहा एक बाई यायच्या, स्वयंपाक आणि आईची आंघोळ करून जायच्या, त्या पुन्हा संध्याकाळी साडेपाचला. मधले साडेसात तास आई एकटी. मी म्हणायचो, दादरला चल. ती म्हणायची, "ह्या घर सोडून मी खंय जावचंय नाय. अकरा वर्सा काढलंय मी." झालं, विषय संपला.

म्हणून डबा आणला. हातात धरायला नको, बघायला नको, नुसतं तोंडाने सांगायचं. पण तो मेला मराठी नीट समजेना, मालवणी तर सोडाच. शेवटी हिंदीवर ठेवला. माझ्या फोनवरून जोडला, त्यामुळे माझं कागदोपत्री नाव आपोआपच त्यात गेलं. मी एक वाक्य पाठ करायला दिलं : अमुक को फोन लगाओ. अमुकच्या जागी माझं नाव. ते नाव मी इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

डब्याशी तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. त्याचं बाईचं नाव, बाईचा आवाज. मला वाटलं होतं, बिचकेल. छे! "तिचा नाव घेवक माझा काय जाता? ती काय माझी सासू?" असं म्हणून खणखणीत हाक मारली आणि वर विचारलं, "काय गो, जेवलंस?" डबा म्हणाला, मुझे समझ नहीं आया. आई म्हणाली, "उपाशी असतली." मी हसून हसून लोळलो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

भजन लावायला शिकली. वेळ विचारायला शिकली. फोन म्हटला की मात्र गाडी अडायची. तिला ठसका लागायचा. दूध गॅसवर आहे असं आठवायचं. नाहीतर म्हणायची, "तू बोल मा, तुका येता." मी बोलून दाखवायचो, माझ्याच खिशातला फोन वाजायचा, ती मान डोलवायची. आता तू बोल म्हटलं की पुन्हा ठसका. रविवारमागून रविवार हेच. पालथ्या घड्यावर पाणी! मला वाटायचं डब्याला तिचे उच्चार कळत नाहीत. म्हणून मी डब्यावर ओरडायचो, मग कंपनीच्या माणसावर फोनवर ओरडायचो. तो दर वेळी एकच सांगायचा, सर, रीसेट करून बघा. मी रीसेट करायचो. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी आईवर ओरडलो. "चार शब्द आहेत गं! चार शब्द बोलता येत नाहीत तुला?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मी निर्वाणीचं सांगून टाकलं. गणपतीपर्यंत तुला स्वतःहून मला फोन लावता आला तर इथे राहायचं. नाही जमलं तर कुलूप लावून दादर. याच्यावर चर्चा नाही. तिने मान वर केली, न दिसणारे डोळे माझ्याकडे रोखले आणि म्हणाली, "बरा."

आणि चमत्कार! त्याच आठवड्यात सकाळी साडेनऊला माझा फोन वाजला, स्क्रीनवर 'आईचं घर'. पलीकडून आई, "लागला मा फोन? मग झाला तर." मी ऑफिसात उभ्याउभ्या ओरडलो, "आई, जमलं की गं तुला!" मग रोज सकाळी फोन. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. गणपती आले, गेले. आई तिच्या घरात राहिली.

पण सुखाने जगू देईल तर तो डबा कसला? दुपारी तो आपल्या मनाने फोन लावायला लागला. दोन वाजता आईची मालिका लागायची, आवाज ठणाणा. त्या मालिकेतल्या हिरोचं नाव नेमकं माझंच, आणि त्याच्या घरची सगळी माणसं दिवसभर त्यालाच फोन लावत असायची. त्यातलं काय ऐकून डबा चाळवायचा देव जाणे. पहिल्या वेळी मी घाबरून उचलला तर पलीकडे कुणीतरी टाहो फोडत होतं. हातातलं काम टाकून धावत सुटलो, टॅक्सी पकडली, आमचं ऑफिस भायखळ्याला म्हणजे दहा मिनिटांचा रस्ता. वर गेलो तर आई खुर्चीत घोरतेय आणि टीव्हीवर नणंद रडतेय. असं तीनदा झालं. साहेबांनी विचारलं, आई बरी आहे ना? तेव्हा लाज वाटली. डबा बदलून द्या म्हणून कंपनीच्या मागे लागलो. रीसेट करून बघा, सर.

मग मी दुपारचे फोन कापायला लागलो. आधी दोन-तीनदा उचलून खात्री केली, मालिकाच होती. पुढे पुढे खात्रीही केली नाही. ऑफिसात त्याचा विनोद झाला होता. डबे उघडून जेवायला बसलो की फोन वाजायचा आणि कुणीतरी म्हणायचं, घे रे, हिरोईनचा फोन आला तुला.

तो मंगळवार होता. दोन वाजून वीस मिनिटांनी फोन आला. मी भात कालवत होतो, हात बरबटलेला. डाव्या हाताच्या बोटाने कापला. म्हटलं, "आज जरा लवकर रडायला लागली." सगळे हसले. मीही हसलो. मग मी ताक प्यायलो, हे पण मला आठवतं.

साडेपाचला बाईंचा फोन आला. त्यांनी किल्लीने दार उघडलं तर आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी. शुद्धीवर होती, ओठ सुकलेले, लुगडं ओलं. बाराच्या सुमाराला पाणी घ्यायला उठली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. साडेपाच तास ती त्या थंडगार लादीवर होती. डबा तिच्यापासून चार हातांवर, फळीवर.

परळच्या हॉस्पिटलात आईला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसून डब्याचा उद्धार करत होतो. आग लावतो त्याला, असं करतो, तसं करतो. बाई बाजूला उभ्या होत्या, त्या एकदम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "दादा, मला माफ करा. सकाळचा फोन मीच लावायचे. आजी म्हणायच्या, तू नाव घे, मग मी बोलते. कुणाला सांगू नको म्हणाल्या, नायतर घर सुटेल माझं."

"का पण? तिला का नाही बोलता येत?" मी ओरडलोच.

उत्तर माझ्या बायकोने दिलं. ती दादरहून थेट हॉस्पिटलात आली होती. "अरे, आईंनी तुझं नाव घेतलेलं तू ऐकलंयस का कधी?"

मी आठवून बघितलं. एकदाही नाही. आमच्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. मला माझ्या आजोबांचं ठेवलं. ते आईचे सासरे. सासऱ्याचं नाव सून तोंडातून काढत नाही, आईच्या पिढीने तर मेली तरी काढलं नसतं. म्हणून मी पाळण्यातून बाहेर आलो तो 'बाबू' होऊनच. शाळेच्या फॉर्मवर वडिलांनी नाव लिहिलं, आईने फक्त बोट ठेवून दाखवलं, हा माझा. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. मी चोपन्न वर्षांचा घोडा, जन्मभर बाबू ऐकत आलो, आणि आईने माझं नाव कधी घेतलंच नाही हे मला माहीत नव्हतं. सुनेला माहीत होतं. बाईंना माहीत होतं. मला नाही. डब्यात माझं नाव बदलून 'बाबू' करायला अर्धं मिनिट लागलं असतं.

डबा जे ऐकतो ते फोनमधल्या अ‍ॅपमध्ये साठवून ठेवतो, हे मला रीसेटवाल्याने कधीतरी सांगितलं होतं. त्या आठवड्यात आईचं ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून ते उघडलं. मंगळवार. बारा दहा. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

आधी डब्याला हाक, मग आईचा आवाज : "बाबूक फोन लाव." मुझे समझ नहीं आया. "माझ्या झिलाक फोन लाव गो." समझ नहीं आया. "दादराक ऱ्हवता, तेका लाव." समझ नहीं आया. "गो बाये, माझो पाय मोडलो." डब्याने एक गाणं लावलं. ते तिने बंद करायला लावलं, तेवढं तिला येत होतं. एक वाजता : "माझ्या सासऱ्याचा नाव असा तेका लाव." समझ नहीं आया. असं बावीस वेळा. आवाज बसत गेलेला. शिव्या नाहीत, चिडणं नाही. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तशी मागत होती.

शेवटचं, दोन वीस. हाक मारली आणि थांबली. मग हळू आवाजात, "मामंजी, माफ करा." आणि मग माझं नाव. नुसतं, पूर्ण, स्पष्ट. "को फोन लगाव."

डबा म्हणाला, जी, लगा रही हूँ. पहिल्या फटक्यात कळलं त्याला. चार महिन्यांत ज्या एका दिवशी तो हरामखोर अगदी बरोबर वागला, तो हा दिवस. फोन लावला त्याने. मी कापला.

त्यानंतर साडेपाचपर्यंत नोंद नाही. तिने पुन्हा नाव घेतलं नाही.

आई आता दादरला माझ्याकडे आहे, हॉलमधल्या पलंगावर. वॉकर धरून संडासापर्यंत जाते. लालबागच्या घराला कुलूप आहे. सुरुवातीला विचारायची, झाडांना पाणी कोण घालतं. आता विचारत नाही. मला राहवेना, एकदा मी तिला म्हटलं, आई, मला सांगायचंस ना, मी नाव बदलून 'बाबू' टाकलं असतं. ती म्हणाली, "कागदावरचा नाव ता, बदलता थोडाच?"

परवा दुपारी बायको घरात नव्हती. मी तिला पेज भरवत होतो. दोन घास घेतले आणि तिने माझा हात धरून थांबवला. इकडेतिकडे कानोसा घेतला, कुणी नाही ना म्हणून. मग खालच्या आवाजात, चोरी कबूल करावी तसं म्हणाली, "बाबू, तुका सांगतंय, कोणाक सांगा नको. त्या दिसा मी शेवटाक तुझा नाव घेतलंय रे. तरी त्या मेल्या डब्याक कळाक नाय, नुसता लगा लगा म्हणान गप ऱ्हवलो. फुकट पाप लागला माका."

चमचा माझ्या हातात होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"डबाच तसला आहे गं," मी म्हटलं. "त्याला काही कळत नाही."

"तांच म्हणतंय मी," ती म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.