लेकीच्या पोटरीवरचे लेप

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आज संध्याकाळी आमच्या इमारतीखाली कुणीतरी कडुनिंबाचा पाला जाळला आणि त्या कडवट धुरासरशी मला चुना, टूथपेस्ट आणि जांभळं औषध एकाच पोटरीवर दिसू लागलं. पोटरी माझ्या लेकीची, तेव्हा ती जेमतेम चालायला लागलेली. नव्वदीच्या शेवटी आम्ही नायगावात, खाडीकडच्या नव्या इमारतीत राहायला आलो होतो. "खाडीचा वारा मिळेल," असं बिल्डर म्हणाला होता. मिळाला, पण तो दिवेलागणीला डासांना खांद्यावर बसवूनच घरात शिरे.

लेक खाजवायची, नखांनी फोड फुटायचे आणि अख्खा मजला उपचारांना धावायचा. समोरच्या काकूंची टूथपेस्ट, "थंडावा गं, थंडावा!" वरच्या भाऊंचं जांभळं औषध. भाजी घेऊन येणाऱ्या गावातल्या आजीबाईंचा चुना आणि वर दम, "बाय, पानी नको लावू हां, पिकल ते!" कुणाचं मन मोडायचं नाही, हा आमचा बाणा, म्हणून लेपावर लेप चढत गेले. पोर धुळवडीहून आल्यासारखी दिसे आणि मी खुशाल हसे. मग एक फोड टणक झाला, पोटरी सुजली, पोरीला ताप चढला आणि माझं हसू आटलं.

माणिकपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पाय उचलला, चष्म्यावरून मला न्याहाळलं. "यात चावा कुठे आहे?" मला दाखवता येईना. त्यांनी साबणपाण्याने थर उतरवले. तळाशी लालभडक, पू धरलेली जखम. "अजून थांबला असतात तर चिरा द्यावा लागला असता. औषध पाजा, नखं कापा, जखम धुवा. लाली पसरली तर लगेच आणा. आणि घरचं काहीही लावायचं नाही." बायकोने पोरीला घट्ट धरलं होतं.

पुढे सूज उतरली, बारीकसा डाग राहिला. आता शेजारी कोण राहतं, हेही मला सांगता येणार नाही. कुणी वाटी घेऊन येत नाही. डास मात्र येतात. कधीकधी ती माणसं आठवून गलबलतं, पण त्या संध्याकाळचा वैताग काही विरत नाही. दवाखान्यातून परतलो, तर जिन्यातच सगळे हजर आणि काकूंच्या वाटीत कसलासा नवा, हिरवा लेप. "एवढंच लाव गं, एकच बोट!" जन्मात कुणाला उलट न बोललेली माझी बायको पायरीवर थांबली आणि साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "डास परवडले हो! ते चावून निघून तरी जातात!"