मामांच्या ढोलकीची डावी बाजू

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकला द्वारका चौकाजवळ एका दुकानाच्या माळ्यावर माझा लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. माझे मामा चांदवडच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे. अर्धांगवायूच्या झटक्यातून त्यांचा डावा हात कसाबसा परत आला होता. मंडळाच्या सीडीसाठी ते आजारपणानंतर पहिल्यांदाच वाजवणार होते.

ढोलकीच्या दोन्ही तोंडांना मी एकेक माईक लावला. वाजवून झाल्यावर ऐकलं, तर उजवी थाप खणखणीत, पण डाव्या बाजूचा घुमणारा खर्ज, ज्याला धूम म्हणतात, जवळजवळ नव्हताच.

"मामा, डावा जरा जोरात," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा वाजवलं. आणखी पुन्हा. तळहात लालभडक झाला. शेवटी त्यांनी ढोलकीवर खोळ चढवली.

"राहू दे भाच्या. हात गेला माझा. दुसरा कोणी बघ."

आणि खरं सांगतो, मी मनातल्या मनात दुसरा वादक ठरवलाही होता.

ते चहा पीत बसले. त्यांच्याकडे बघायला नको म्हणून मी कॉम्प्युटरवर मघाचं रेकॉर्डिंग लावून एक नवा प्लगइन, म्हणजे छोटं जोड-सॉफ्टवेअर, उघडला. आवाजाच्या लाटा थोड्या मागेपुढे सरकवणारा, एकच गोल बटण असलेला. ते माउसने फिरवत गेलो आणि एका जागी धूम आली. भरदार, पोटात जाणवणारी.

मामांनी कप खाली ठेवला. "ही तुझ्या मशीनची. माझी नाय."

मग मी प्लगइन बंद करून फक्त डावा माईक ऐकवला. धूम होतीच! सोबत उजवाही सुरू केला, गेली. डावं कातडं आत दबलं की उजवं बाहेर फुगतं. त्यामुळे दोन माईकमधल्या लाटा उलटसुलट होऊन एकमेकींना खात होत्या. प्लगइनने स्वतःचं काहीच घातलं नव्हतं. मामांचं होतं तेच त्यांना परत दिलं होतं. त्या गोल बटणाचं मला अजून कौतुक वाटतं.

"म्हंजे चूक माईकची?"

"माझी. मीच लावले ना ते."

"आन् मला एवढं बडवायला लावलं व्हय रे! या हातावर आता भाकर भाजून निघंल."

ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी खोळ काढली, ढोलकी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने हलकेच एक थाप दिली.

"घे पुन्हा. आता माझ्या हातानं वाजवतो, तुझ्या सांगण्यानं नाय."