शालनच्या नावावरचे ठसे

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर माझं तोंड बघूनच सगळं कळायचं. आता तुम्हाला सांगतोय, तरी गावाचं नाव लिहायला हात धजत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरचं एक पोलीस ठाणं, एवढं पुरे.

तिथे मी लिखापढी करणारा हवालदार होतो. पन्नासचं दशक संपत आलेलं. काजूच्या कारखान्यातली शालन, वय वर्षं चौदा, चोरीच्या संशयावरून आणली होती. तिच्या बोटांचे ठसे घ्यायचे होते. पण उमटणार काय? काजूच्या टरफलातल्या तेलानं बोटांची सालं गेलेली. तीन कागद नुसते काळे झाले. फौजदार ओरडले, "संध्याकाळच्या टपालानं ठसे वरच्या कचेरीत गेले नाहीत, तर उद्यापासून घरी बस!"

मी भित्रा माणूस. जन्माचा भित्रा. दुपारी जेवायला गेलो तो शाई पिशवीत घालूनच. माझी मुलगी कुंदा, तीही चौदाचीच — कळतंय ना, मी काय केलं ते? "गंमत दाखवतो," म्हणालो. पोरीनं हसत दहाही बोटं पुढे केली. कागदावर मी नाव लिहिलं शालनचं.

महिनाभरात कोर्टानं शालनला निर्दोष सोडलं. मुलगी लहान आहे, ठशांचा कागद परत मागवून जाळा, कुणाला दाखवू नका, असा हुकूम आला. परत आलेला कागद आधी तिच्या बोटांशी ताडून बघायचा, मगच जाळायचा अशी फौजदारांची पद्धत. ताडला असता तर? मी तो हुकूम जुन्या कागदांच्या तळाशी सरकवला. चोराच्या मनात चांदणं — मला साधं टपाल आलं तरी घाम फुटायचा.

सहा वर्षांनी शालनला रत्नागिरीला नर्सिंगला जागा मिळाली. ठाण्याचा चालचलणुकीचा दाखला तेवढा हवा होता, आणि तो लिहायचं काम माझं. 'नोंद नाही' लिहावं, आणि वरच्या कचेरीत तो कागद निघाला तर? शोध माझ्यापर्यंत आला असता, कुंदापर्यंत आला असता. कुंदाचं लग्न ठरलेलं. मी लिहिलं — चोरीच्या प्रकरणात ठसे घेतलेले आहेत. सुटली, हे लिहिलं नाही. लहान मुलांची नोंद बाहेर सांगायची नसते, हा नियम मला तोंडपाठ होता.

तिची जागा गेली. ती ठाण्यात आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"काकानू, कोर्टान तर माका सोडल्यानी. मगे ह्यां खंयसून इलां?"

"वरून आलंय," मी मान खाली घालून म्हणालो.

ती पुन्हा काजू फोडायला गेली. तो कागद अजून वर कुठेतरी असेल, कुंदाची बोटं आणि शालनचं नाव. दारात खाकी कपडा दिसला की आजही मी आतल्या खोलीत जाऊन बसतो.

पण खरं ते सांगतो. ती डोळे पुसत पायऱ्या उतरली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं — सुटलो.