मुलीचं वय विचारायचं राहिलं

आता तुम्हाला काय सांगू, जगाच्या लेकरांना शिस्त लावता लावता माझीच शाळा झाली! हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला घरी बसून पुण्याच्या एका वेबसाइटसाठी लिहिते. पालकत्व, कुटुंबाचं आरोग्य, मनःशांती. (मनःशांतीचा लेख नेहमी घरच्यांवर खेकसत लिहिलेला असतो, ते सोडा.) दर रविवारी 'ताईचा सल्ला' येतो. ती ताई मीच. वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न बोलून पाठवतात आणि तिकडच्या संपादकबाई ते धुऊन, इस्त्री करून, शुद्ध मराठीत माझ्याकडे धाडतात. नाव नाही, गाव नाही.

एकदा असाच एक प्रश्न आला. 'माझी मुलगी वेळेवर जेवत नाही. सतत मोबाइलमध्ये असते. माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. मला तिच्याविना करमत नाही. काय करू?'

वय? विचारतंय कोण! मी मनात चौदा वर्षांची, फुरंगटलेली पोर उभी केली आणि सुटले. 'आई, लेचंपेचं राहून चालणार नाही. आठ दिवस मोबाइल ताब्यात घ्या. समोर बसून जेवू घाला. ती चिडेल, बहाणे सांगेल. विरघळू नका!' वाचकांनी लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पाडला. मी खूश.

मंगळवारी दार वाजलं. उघडते तर माझी माय! माहेराहून, किरनापूरहून बसनं आलेली, हातात साड्यांची गच्च पिशवी. किरनापूर काही परदेशात नाही, पण गेले सहा महिने मी 'पुढच्या रविवारी नक्की येते' यावरच भागवत होते.

माय पाणीसुद्धा न पिता माझ्या टेबलाशी गेली, मोबाइल उचलला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला.

"माय, काय करून राह्यली तू?"

"चिड. चिडनारच होती तू."

"अवं, माझं काम हाय त्याच्यावर!"

"हौ. बहाने बी सांगनारच होती."

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं का? छे! आरोग्यावर लिहिणारी बाई मी, लगेच निदान करून मोकळी. मायला स्मृतिभ्रंश झाला! नवऱ्याला कोपऱ्यात ओढून सांगितलं, "अहो, मायचं काहीतरी बिघडलंय," आणि तपासणी सुरू केली.

"माय, आज वार कोन्ता?"

"मंगळवार. काहून, तुले मालूम नाही?"

"बरं, मी कोन हाव?"

मायनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि नवऱ्याकडे वळली. "जावईबापू, इचं असं कधीपासून हाय?"

नवरा हसू दाबत बाहेर पळाला. मायनं वरण-भात वाढला आणि समोर मांडी ठोकून बसली. दोन घास खाल्ले असतील, तोच डब्यातला मोबाइल तांदळातून घुमायला लागला. मी उठले.

"बस खाली! ताईनं सांगितलं, विरघळू नका."

घास तोंडातच राहिला. "कोन ताई?"

"तूच. दुसरी कोन?"

"माय! तो प्रश्न तुह्या होता? अन् ताई मीच हाव, हे तुले मालूम होतं?"

"मालूम होतं म्हनूनच तं पाठवला. मी फोन केला का तू म्हनतेस, कामात हाव, मंग बोलू. परक्या बाईनं इचारलं का तिले पानभर लिहितेस. म्हटलं, आपनही परकी होऊन पाहाव."

मी हसायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. किती आठवण येत होती मला तिची! आणि मला ते तिच्या हातचा भात पोटात गेल्यावर कळलं.

"मंग सरळ सांगाचं ना, माय, करमत नाही म्हनून!"

"सांगितलंच तं होतं व. तू त्याच्यावर इलाज लिहून देल्ला."

मुकाट्यानं आठ दिवस तो इलाज घेतला. काम लॅपटॉपवर झालं, जगाचं काही अडलं नाही. तिच्याजवळ झोपले, डोक्याला तेल लावून घेतलं, गावातल्या सगळ्या लग्नांच्या आणि भांडणांच्या गोष्टी ऐकल्या.

नवव्या दिवशी मायनं पिशवी भरली. बसची वेळ झाली. आणि पालकत्वावर पानंच्या पानं भरणाऱ्या, बेचाळीस वर्षांच्या या तज्ज्ञ बाईनं काय केलं असेल?

तिची चप्पल लपवून ठेवली.